डब्याचा तळ

केटाचा बाजार दर चौथ्या दिवशी भरतो.
एका अंगाला खारं सरोवर, एका अंगाला समुद्र,
मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही बायका
आणि आमची पोती.

मी गारी विकते.
कसावा किसायचा, आंबवायचा, पिळायचा,
रुंद कढईत भाजायचा, धुराने डोळे गळेपर्यंत.
मोजायला पत्र्याचा डबा, ओलोंका :
काठोकाठ भरायचा, वर शीग चढवायची
आणि शिगेवर एक मूठ, माझ्याकडून.
त्या मुठीवर माझं नाव चाललंय नऊ वर्षं.

शेजारी सेफाकोर बसते.
प्रार्थनेलाही ती माझ्याच बाकावर.
तिच्या डब्याचा तळ खालून ठोकून आत घेतलाय.
एकदा वाकून बघितलं, तेव्हापासून मला माहीत.

म्हणून तुझ्याकडे आले, प्रभू,
रात्री, मुलं निजल्यावर, चटईवर गुडघे टेकून :
सांगू तिला? पाळकांना सांगू?
की तिची चार पोरं बघून गिळू?
मला शहाणपण दे.
(खरं सांगते, थोडं मला दे म्हणाले,
पुष्कळसं तिला.)

तू बोलला नाहीस.
पाळक आग्बेको म्हणाले, थांब.
आई असती तर म्हणाली असती, तुला काय करायचंय?
थांबले.
थांबणं मला फुकट पडत होतं.

मग परवा दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
बहिणीचा एलिकेम माझा डबा पालथा घालून
ढोलासारखा बडवत बसला.
मध्येच थांबला. म्हणाला,
मावशी, याच्या बुडात माझी अख्खी मूठ मावते.

डबा सासूचा. सासूला कुणी दिला, ठाऊक नाही.
मी आत बघत आले, भरताना.
खालून कोण बघतं?
मी माझी मूठ घालून पाहिली.
मावली.
शिगेवरची तीच मूठ, तेवढीच.

जाळी विणणारा म्हातारा कोमला, शाळेची स्वयंपाकीण,
आणि ती टेमाची बाई, सहा-सहा डबे न्यायची,
म्हणायची, तुझं माप म्हणजे देवाचं माप.
घशाशी आली ती हीच.

आभाळबिभाळ काही उघडलं नाही.
एवढंच कळलं की हातोडी लागेल,
आणि हातोडी कुणाकडे असते, तेही कळलं.

सेफाकोर, हातोडी दे.
तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं,
पोत्याखालून काढून दिली.
कशाला, ते विचारलं नाही.
मी आतून ठोकत राहिले, बाजाराच्या अख्ख्या ओळीने ऐकलं.
पत्रा पुरता सपाट होत नाही,
एक सुरकुती राहिली. राहू दे.

आज पहिलंच गिऱ्हाईक फुरंगटलं :
वरची मूठ कुठे गेली?
आत गेली, बाई, म्हटलं, जिथली होती तिथे.
तिला पटेना. मग वर आणखी एक घातली,
तिलाही, तिच्यामागच्यांनाही.
पोतं दुपारीच संपलं,
पैसे रोजच्याहून कमी.
नऊ वर्षांचं देणं कसं फेडायचं
ते उद्या विचारीन तुला.
आजचं आजला पुरलं.

संध्याकाळी हातोडी परत केली, दांडा पुसून.
सेफाकोरने ती पोत्याखाली नाही सारली,
मांडीवर ठेवली.

पुढचं मला माहीत नाही.
मी पाठमोरी माझं गोणपाट झाडत होते,
आणि या वेळी वाकले नाही.