तेविसावी काच

कुताइसीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
त्सिआला मेणाच्या ठोकळ्यातून काढते
माणसाचा काप,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
नाव नाही, नुसता आकडा. पण गाव लहान:
हा अवतांदिल, झेस्ताफोनीच्या बसचा चालक,
लग्नाला नऊ वर्षं.

आधी जांभळा रंग, मग गुलाबी. भिंग खाली.

आडव्या चिरलेल्या नलिका, गोल गोल,
मधल्या फटींत लायडिग पेशींचे घोळके
गुबगुबीत, कामात गर्क.
म्हणून तर त्याची दाढी दुपारीच पुन्हा डोकावते,
हाक बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचते.
तिकडे काही कमी नाही.

नलिकांच्या आत मात्र
सर्टोली पेशी, भिंतीला पाय रोवून
उभ्या दाया,
कडेवर कुणीच नाही.
पहिल्या काचेत नाही, दहाव्या नाही, बाविसाव्याही नाही.
लहानपणी गालगुंड झाले होते, कागदावर एवढीच ओळ.

तेविसावीत, अगदी कडेला, एकाच नलिकेत
पायरी पायरीने चढलेल्या पेशी:
तळाशी वाटोळ्या,
वर वारसा निम्मा करून घेतलेल्या,
आणि पोकळीत शेपट्या सोडून बसलेल्या चिमुकल्या.
दोन-सव्वादोन महिन्यांपूर्वी निघालेल्या,
कुणाला न सांगता.

ती शाईचा ठिपका देते, एवढाच तिचा हक्क.
अहवाल डॉक्टर मनाना उद्या लिहितील.

संध्याकाळी बसमध्ये तो सुटे परत करतो.
ती मोजत राहते, दोनदा, तीच नाणी.
‘बोटाला शाई लागलीय तुमच्या,’
अवतांदिल म्हणतो.