पाचशे दोन

डिसेंबरात पहाटे साडेपाचला, बाणेरच्या चौथ्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर बर्फ उजाडतो.
तिकडे त्यांची आदली संध्याकाळ.
मी हेडफोन चढवते, थर्मासातला चहा ओतते
आणि चकती कोणी कोणाला दिली ते टाइप करत बसते.
पास. फटका. अडवला. पास. धक्का. दोन मिनिटं बाहेर.
खरा बर्फ मी पाहिलाय तो रसवंतीपाशी,
भुशात गुंडाळलेली लादी,
सायकलच्या कॅरिअरवरून ठिबकत आलेली.

एका फाइलचं नाव आहे ‘अबाधित’.
तिच्यात मोडण्याजोगं काही नाही.
एकवीस सेकंदांत एकट्याचे तीन गोल
(आमच्या लिफ्टला खाली पोचायलाच चाळीस लागतात).
एकाच्या नावावर अठ्ठावीसशे सत्तावन्न गुण,
त्याचे सगळेच्या सगळे गोल वजा केले
तरी तो पहिलाच.
हे वाचलं तेव्हा वाटलं, कोणाची तरी बेरीज चुकली.
मी पुन्हा केली. दोनदा.

आणि मग तो गोलरक्षक.
सलग पाचशे दोन सामने, एकही न चुकवता.
तोंडावर जाळी नाही, काही नाही.
सामन्याआधी आत जाऊन ओकायचा म्हणे,
चूळ भरायचा, येऊन उभा राहायचा.
पाचशे तिसऱ्याला पाठ गेली.

सकाळी घरी सोडते ती गाडी अरुळदासची.
औंध मागे पडलं तेव्हा मी त्याला हे सांगितलं,
झोप येऊ नये म्हणून, दुसरं कारण नाही.
तो काही बोलला नाही.
सिग्नलला हँडब्रेक ओढला
आणि उजव्या भुवईवरून बोट फिरवलं,
जिथे केस उगवत नाहीत.
“ओकायचा ना? मग बरोबर आहे.
मी पण.”

खडकीत, कारखान्याच्या हॉकी संघात
हा उभा असायचा गोलात,
क्रिकेटचे पॅड, मोठ्या भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.
ब्याऐंशी साली कसल्याशा ढालीचा शेवटचा सामना.
शून्य-शून्य.
दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवला. शून्य-शून्य.
तिसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, तेच.
चौथ्या दिवशी पंचांची ड्युटी होती,
म्हणून ढाल वाटून घेतली:
सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने यांच्याकडे.
पहिले सहा महिने त्यांचे होते.
ते अजून चालू आहेत.

“तीन दिवस, मॅडम. एक बॉल आत गेला नाही.
कोण मोडणार?”
“मोडू शकतं की कोणीही,” मी म्हटलं,
(पुण्याची सवय) “तत्त्वतः.”
“कसं मोडणार? ती ढालच खेळत नाही कोणी.
मैदानात लग्नाचे मांडव लागतात.”

त्या रात्री, दोन सामन्यांमधल्या रिकाम्या वेळात
मी ‘अबाधित’मध्ये एक नवी ओळ उघडली.
नाव: अरुळदास. मिनिटं: दोनशे दहा.
खाल्लेले गोल: शून्य.
मैदान?
खडकी टाइप केलं. रकाना लाल झाला.
K काढून Kh केलं, मग उलट.
यादीतून निवडा, म्हणाला.
यादीत बर्फाची सगळी गावं होती.
तितक्यात चकती पडली, मला जावं लागलं,
ओळ तशीच राहिली, न साठवलेली,
आणि सव्वासातला वीज गेली.

अरुळदासला मी हे सांगितलेलं नाही.
आज त्या मैदानाजवळून जाताना
त्याने गाडी जराशी हळू केली, थांबवली नाही.
प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, एक फाटकी कमान,
कोणा कोणाच्या नावांतली निम्मी अक्षरं.
“तिकडचा गोल,” हनुवटीने दाखवलं.
तिथे जनरेटर होता.

होळकर पुलाच्या तोंडाशी
एक रिक्षा डावीकडून घुसू बघते,
तिच्यामागे दुचाकी, तिच्यामागे पाण्याचा टँकर.
अरुळदास स्टिअरिंगवर थोडा वाकतो,
कोपर बाहेर काढतो.
कोणी आत जात नाही.