सापळा क्रमांक अकरा

अडावदच्या शिवारात, कपाशीच्या सहाव्या ओळीत
कामगंध सापळा.
पिवळं नरसाळं, खाली लांब पिशवी,
वर टांगलेली रबराची गोळी, शेंगदाण्याएवढी.

धुडकूमामा ती नाकाशी धरतात.
"ताई, वास ते काहीच येत नही."
नाही येणार, मामा.
हे पत्र आपल्या पत्त्यावर नाही.

दोन समघटक, निम्मे निम्मे.
प्रमाण ढळलं तर पतंग
बांधावरूनच मागे फिरतो.
एवढं काटेकोर
आमच्या प्रयोगशाळेतलं वजनयंत्रसुद्धा नाही.

एका रात्रीत आठ नर, असे सलग तीन रात्री,
की फवारणीचं सांगायचं.
मी सकाळी पिशवीची गाठ सोडते, मोजते.
करडे, तांदळाएवढे.
काहींचे पंख अजून थरथरतात,
बोटांना राखेसारखी भुकटी.

पलीकडच्या दोन एकरांत दुसरा प्रयोग आहे.
तिथे झाडांना गंधाच्या दोऱ्या बांधल्या
आणि अख्खं वावर मादी झालं.
नर रात्रभर भिरभिरतात.
सगळीकडून हाक येते
म्हणून कुठूनच येत नाही.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली
मादीचं पोट उघडायचं,
आतल्या पिशवीत शुक्रकोश किती, ते लिहायचं.
साध्या शेतातल्या: दोन. एक. तीन.
दोरीच्या शेतातल्या: शून्य. शून्य. शून्य.
शून्य म्हणजे प्रयोग यशस्वी.
साहेबांना फोन केला, ते खूश झाले.
विसाव्या शून्याला मी चष्मा काढून पुसला,
काच स्वच्छच होती.

हातमोजा कधी फाटला, कळलं नाही.
साबणाने हात धुतले, राखेने धुतले,
ओढणी दोनदा पिळली.
तरी रात्री चोपड्याच्या खोलीत
खिडकीच्या जाळीवर ते आले.
दुसऱ्या रात्री जास्त आले.
धुडकूमामांना सांगितलं तर
तंबाखू थुंकून हसत सुटले:
"ताई, तुले पाहाले पाहुणा उनात!"

घरून आईनेही परवाच विचारलं होतं,
भुसावळचं स्थळ आहे, फोटो पाठवू का.
मी म्हटलं, हंगाम संपू दे.

आता दिवा मालवून बसले आहे.
जाळीवर बारीक टकटक,
इतकी बारीक की श्वास रोखावा लागतो.
इतक्या अंधारात, इतक्या लांबून,
नदीवरून, जिनिंगच्या धुरळ्यातून,
कुणीतरी एका चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवून आलं.

टॉर्च लावून वही उघडली.
सापळे दहाच आहेत. खाली रेघ मारून लिहिलं:
क्रमांक अकरा. खिडकी. नग नऊ.
शेरा लिहायचा राहिला.
मग जाळीची कडी
काढावी की नको, याचा विचार करत
बराच वेळ उभी होते.