पाच वाजतात तिथे

पर्थ रोडच्या चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर
लोकांच्या डोळ्यांत बघते.
पहिली काच बरी, की दुसरी?
आता? आणि आता?
डंडीतली शहाणीसुरती माणसं हनुवटी टेकवून
तोंडी परीक्षेला बसल्यासारखी
चाचरत उत्तरं देतात.

ब्रॅकनच्या डोळ्यात मात्र रविवारी बघितलं,
तेही तो पायमोजा सोडेना म्हणून.

जानेवारीतलं साडेअकराचं ऊन
टे नदीवरून तिरपं घरात आलेलं.
त्यात त्याचा उजवा डोळा
घारा, पातळ काकवीच्या रंगाचा,
आणि बाहुलीखाली, घड्याळात पाच वाजतात तिथे,
दोन काळे ठिपके.
एक तिळाएवढा.
दुसरा राजगिऱ्याचा दाणा.

ओल्या कापसाने पुसलं. गेले नाहीत.
डोळ्याच्या आतलं बाहेरून पुसता येत नाही,
हे मी पगार घेऊन लोकांना सांगते.

पायमोजा त्याच्याकडेच राहिला.

सावंतवाडीहून आत्या म्हणाली,
"भाकऱ्याला दृष्ट लागली गो, मीठमोहऱ्या ओवाळ."
ब्रॅकन तिच्या जिभेवर कधी बसलाच नाही.
मी हसले.
रात्री दाराला कडी घालून ओवाळलं.
तव्यावर मोहरी तडतडली, धुराचा अलार्म बोंबलला,
वरच्या मजल्यावरचा कॅलम अनवाणी खाली आला.
स्वयंपाक, म्हटलं.
रात्री अकराला.

डॉक्टर मॅकफेल माझ्यापेक्षा लहान.
मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेली पानं.
तिने खोलीतला दिवा घालवला
आणि तिच्या हातातली बारीक उजेडाची रेघ
त्याच्या डोळ्यात उतरली.
अंधारात या बाजूला बसायची मला सवय नाही.
मी ब्रॅकनची मान धरून होते,
की तो माझा हात.

"पाण्याचा फुगा असता तर उजेड आरपार गेला असता.
हा जात नाही.
डोळ्यातला दाब ठीक आहे.
रंगाचे डाग असतील, वय झालं की येतात.
किंवा..."
तो 'किंवा' तिने ट्रेमध्ये
हळूच ठेवला, आवाज न करता.
"आज सांगता येणार नाही. आधी कधी पाहिलेत हे?"

फोनमध्ये त्याचे हजारभर फोटो.
शेपूट. शेपूट. झोपलेला.
फ्लॅशने दोन हिरवे दिवे झालेला.
बर्फात, लांब, कुणाचाही कुत्रा असावा असा.
आणि एकच जवळून,
ब्रॉटी फेरीच्या वाळूत, वरदने काढलेला,
तो इथे राहायचा तेव्हाचा.
कुत्र्याच्या काय इतकं तोंडात शिरतोस,
म्हणून मी त्याच्यावर वैतागले होते.

दोन बोटांनी फोटो ताणला.
तीळ आहे.
तेव्हाही होता.
दुसरा?
तिथे नुसते चौकोन, तपकिरी, आणखी तपकिरी.
"दिसतोय का?" तिने विचारलं.
"सारखंच वाटतंय," मी म्हणाले.
हेच उत्तर कुणी मला दिलं
तर मी काच बदलून पुन्हा विचारते.

तिने मोजलं. दोन मिलिमीटर. एकाला थोडं कमी.
दर रविवारी फोटो काढा,
तीच खिडकी, तीच वेळ.
तीन महिन्यांनी या.
वाढले, तर आधी.

बसमध्ये तो माझ्या बुटांवर झोपला.
संक्रांत होऊन आठवडा झाला होता.
दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात,
इथे तर मुठीमुठीने वाढतो,
रोज चार मिनिटं, आणि आम्ही सगळे
त्या चार मिनिटांसाठी हपापलेले.
यंदा पहिल्यांदा वाटलं,
काहीच वाढू नये.
पण मग बघणार कशाच्या उजेडात?

वरदकडे मूळ फोटो असेल. मोठा, न आवळलेला.
नंबर आहे.
काय लिहू, ते सुचत नाही.
"तू बरोबर होतास" एवढंच लिहिलं
तर त्याला भलतंच वाटेल.

आता रविवारी मी हाक मारायच्या आत
ब्रॅकन खिडकीशी येऊन बसतो.
तोंडात माझा पायमोजा.
मान वर.
कबुतरावरसुद्धा नजर न हलवता
माझ्याकडे बघत राहतो,
मी मोजते तोवर.