पार्श्वभूमी

इसोबे-सान माणसं काढतात.
बाकीचं माझं:
विजेच्या तारा, सायकलींचा स्टँड, शिकवणीच्या वर्गातलं घड्याळ,
चिगुसाच्या मागचं आभाळ.
आभाळ मी काढत नाही, चिकटवते.
ठिपक्यांचा कागद ब्लेडने कापायचा, नखाने घासून बसवायचा.
एकसष्ट नंबरचा कागद म्हणजे संध्याकाळ.

तेप्पेई आणि चिगुसा सात वर्षं एकाच परीक्षेला बसतायत.
दर फेब्रुवारीत तो थोडक्यात राहतो;
तिला ताप येतो, किंवा गाडीत झोप लागून
ती भलत्याच स्टेशनवर उतरते.
वाचक लिहितात, या वर्षी तरी होऊ द्या हो.
संपादक फोनवर म्हणतात, एवढ्यात नको, खप चांगलाय.
म्हणून ती दोघं अजून एकोणीसचीच,
छत्रीत खांदा लागला तरी दचकणारी.
हात धरायला त्यांना तीन खंड लागले.

मी इथे आले तेव्हा एकवीसची होते.
आता अठ्ठावीस.

नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याला आमच्याकडे रोनिन म्हणतात,
धनी गमावलेला सामुराई.
ऐकायला बरं वाटतं,
कमरेला तलवार असल्यासारखं.
माझ्या कमरेला आईने विणलेला लोकरीचा पट्टा होता
आणि दाराबाहेर आकिताचा बर्फ.
परीक्षेच्या हिवाळ्यात घरात कुणी
'घसरणं' हा शब्द तोंडातून काढत नसे. अपशकुन.
रस्ता काचेसारखा झालेला, तरी आई
'जपून, घसरशील' म्हणाली नाही.
ओठ मिटून शेगडीतली राख
फाटकापर्यंत पसरत गेली.
तीन हिवाळे मी त्या राखेवरून चालत गेले
आणि तीनदा तार आली:
फुलं गळाली.

मागच्या बाकावर मोगामी नावाचा मुलगा होता.
जिन्यात बसून आम्ही मक्याच्या सूपचा एकच डबा प्यायचो.
तळाला चिकटलेले दाणे निघावेत म्हणून
तो डब्याच्या बुडाला टिचक्या मारायचा,
मान मागे टाकून, डोळे मिटून, वाट बघत.
दुसऱ्या वर्षी त्याचं झालं.
जाताना खोडरबर मोडून अर्धा मला दिला.
तुम्हाला वाटेल, तो मी जपून ठेवला असेल.
नाही. संपला.
इसोबे-सानच्या शाईखालच्या पेन्सिलरेषा
पुसता पुसता, पहिल्याच वर्षी.

परवा संपादक स्वतः आले. डोराय़ाकीचा खोका ठेवला,
बराच वेळ चहाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, आता पुरे करू या.

काल रात्री शेवटचं मोठं पान.
इसोबे-सानने दोन पाठमोरी माणसं काढली.
तिच्या मफलरची एक दशी सुटलेली.
समोरचा निकालाचा फलक कोरा.
म्हणाले, तोमोए, आकडे तू भर.
मी विचारलं, यांचे नंबर कोणते?
त्यांनी डोकं खाजवलं. पहिल्या खंडात असतील कुठेतरी.

मला पाठ होते. मीच काढली होती ती प्रवेशपत्रं.
तीनशे बारा आकडे, हाताने, एकेक.
खालच्या लाँड्रीतली वाफ थांबली, दूधवाल्याची स्कूटर आली,
माझं मनगट सुजलं.
एकदा वाटलं, मधले काही गाळावेत,
खऱ्या फलकावर गाळलेले असतात तसे.
गाळलेच पाहिजेत. गाळलेल्या आकड्यांशिवाय
फलक खरा वाटत नाही.
ते मला चांगलं जमतं.

फक्त एक मी गाळला नाही.
२३०६.
डावीकडून चौथी ओळ, वरून अकरावा.
तिसऱ्या वर्षी तो तिथे नव्हता.

सकाळी इसोबे-सान उठले, पान उजेडात धरलं,
काही बोलले नाहीत.
मग चिगुसाच्या संवादाचा फुगा कापून चिकटवला,
नेमका त्याच्यावर.
नंबर दिसेनासा झाला.
फुग्यात एकच शब्द आहे:
आहे.