गडग्याच्या बुडची माती

चाळीस पिशव्या झाल्या तोवर.
सड्यावरची, जिथे कातळाच्या खळग्यात
मूठभरच माती असते आणि तीही उसनी वाटते.
तिवरांतली, काळी, नासक्या अंड्याच्या वासाची,
चमच्याला सोडतच नव्हती.
हापूसच्या कलमांखालची मी बाजूला ठेवली,
इतक्या फवारण्यांनंतर
तिच्यात फार कुणी बोलायला उरलं नव्हतं.

एक्केचाळिसावी सगुण तारीने आणली,
आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने,
बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात.
"आमच्या गडग्याच्या बुडची," म्हणाला.
निर्जंतुक पिशवी म्हणजे काय
हे मी त्याला सात वर्षं सांगते आहे.

एक ग्रॅम माती पाण्यात.
त्या पाण्यातलं थोडं पुन्हा पाण्यात.
असं सहा वेळा,
पातळ करत करत गर्दी मोडायची
आणि एकेकाला वेगळं बसवायचं.
पाचव्या दिवशी ताटलीत खडूचे ठिपके,
सुईने खरवडले तरी निघेनात,
आगरात पाय रोवून बसलेले.
झाकण उचललं की
देवगडच्या त्या कोंदट खोलीत
नुकत्या नांगरलेल्या कुणग्याचा वास.

वैशाखात सगुणच्या पायात
शिंगाळ्याचा काटा मोडला होता.
ओरोसच्या रिपोर्टावर औषधांची नावं एकाखाली एक,
आणि प्रत्येकापुढे तेच अक्षर.
आर. आर. आर. आर.
"आर म्हंजे काय, मॅडम? फर्स्ट क्लास?"
मी म्हटलं, हो,
पण पास जंतू झालेत.

त्याच्याच जखमेतले जंतू, त्याला विचारून,
ताटलीभर पेरले,
मधोमध एक्केचाळीसचा ठिपका.
सकाळी भोवती स्वच्छ वर्तुळ,
जसं कुणी तेवढंच अंगण झाडून ठेवलंय.
सोळा मिलिमीटर.
पट्टीने तीनदा मोजलं,
चौथ्यांदा सगुणला मोजायला लावलं.

मग तो ठिपका गप्प झाला.
नव्या ताटलीत, एकटा,
अठ्ठावीस अंशांत, खाण्यापिण्याची चंगळ,
आणि काही करेना.
चौदा, नऊ, मग शून्य.
साखर बदलली. मीठ घातलं.
खाडीचं पाणी गाळून घातलं.
वीज गेली तेव्हा इन्क्युबेटरला
माझी शाल गुंडाळून बसले
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी.

सगुण पट्टीचा पाय स्टुलावर ठेवून बघत होता.
"एकटो माणूस भांडतलो कोणाशी?
गडग्याच्या पल्याड कोणतरी व्हयो."

त्याला ठाऊक असणारच.
वीतभर जमिनीसाठी चुलत्याशी
बावीस वर्षं कोर्टात चाललंय.
दर पावसाळ्यात हद्दीचा चिरा
एक बोट सरकतो म्हणे,
आपोआप.

त्याच पुड्यातून मी दुसरा एक काढला,
गुलाबीसर, चिकट, अजून नाव नसलेला,
आणि एक्केचाळीसच्या शेजारी वसवला.
तीन दिवस नुसती नजरानजर.
चौथ्या दिवशी दोघांच्या मध्ये पिवळी रेघ,
आणि तिच्या कडेने
पुन्हा ते झाडलेलं अंगण.

आपण त्याला औषध म्हणतो.
त्यांच्यात ते काय असतं कोण जाणे.
दरडावणं असेल, किंवा नुसतं खाकरणं,
मी इथे आहे, एवढंच.

अर्क पुण्याला पाठवलाय.
बहुतेक वेळा उत्तर येतं तेच येईल,
हा रेणू जुना आहे,
मूत्रपिंडं जाळतो म्हणून कधीच सोडून दिलेला.
पायाचं बोट मात्र पुण्यासाठी थांबलं नाही.
आषाढात ओरोसला कापलं.

काल तो लंगडत आला.
दार लोटून घेतलं,
खिशातून कागदाचा पुडा काढून टेबलावर ठेवला,
अजून ओला.
"चुलत्याच्या बाजूची," म्हणाला.
"राती हाडलंय. कोणाक सांगू नकात."

मी पेन शोधलं.
लेबलवर लिहिलं, बेचाळीस.
ठिकाणाचा रकाना
कोरा सोडला.