धारकास

भरमाच्या पासपोर्टाची झेरॉक्स
पिठाच्या डब्याखाली घडी करून ठेवली होती.
उलगडली तर घडीत पीठ, आणि त्याचा फोटो म्हातारा झालेला.

डीसी ऑफिसात ईरव्वा म्हणाली, सांगा अक्का.
मी मराठीत सांगत गेले, ती कानडीत लिहीत गेली.
राज्याच्या रकान्यात तिनं न विचारता कर्नाटक लिहिलं,
मीही बोलले नाही. भाऊ यावा, रकाना कुठलाही चालेल.
'तळघर' या शब्दापाशी मात्र दोघी अडलो.
एकशे चार माणसं, म्हटलं. नळ एकच. पाणी खारं.
तिनं पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

उद्यमबागेत सोळा वर्षं साचे ओतलेला माणूस,
परमुलखात बंदरावर वेल्डिंगला गेला,
दोन वर्षांच्या करारावर.
जेवण, खोली, ओव्हरटाइम, सगळं लिहिलेलं.
लढाई लिहिलेली नव्हती.

दिल्लीचा नंबर लागतो. सनई वाजते.
मग एक बाई सांगते, आहात तिथेच थांबा.
ते थांबलेतच की, बाई.
छत थांबेल का, ते विचारतेय मी.

सरकार मला ठाऊक नाही असं नाही.
भाऊजींच्या सायकल दुकानाच्या पाटीवर
मराठी अक्षरं किती इंचांची, हे मोजायला
तीन माणसं आणि एक जीप आली होती
कंग्राळीच्या आमच्या बोळात, जिथं रिक्षा वळत नाही.
शोधायचं म्हटलं की सापडतो आम्ही.
दोन राज्यं इतकी वर्षं म्हणतात, हे गाव आमचं.
गावातला एक जण बाहेर अडकला,
तर हा आमचा म्हणायला
अजून कुणाचा घसा साफ होईना.

रात्री भरमाच्या पोरीनं झेरॉक्स वाचून दाखवली.
राष्ट्रपतींच्या नावानं सगळ्यांना विनंती:
या धारकाला अडवू नये,
लागेल ती मदत, लागेल ते संरक्षण द्यावं.
म्हटलं, हे परक्यांना झालं.
आपल्यांना काय लिहिलंय?
तिनं कागद उलटला.
झेरॉक्सची मागची बाजू कोरी असते.

पहाटे चारला फोन. आवाज धुळीतून यावा तसा.
ताई, बॅटरी तीन टक्के. आमची नावं यादीत चढली का?

चढली, म्हटलं.

चढली रे, कालच चढली.
आता दहाला ऑफिस उघडेल,
तेवढ्यात हे कुणीतरी खरं करून द्या.